थकव्याचा केसपेपर

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं कडवे वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले, कोमट पाण्यात घातलेले. सुभद्रा भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. मी समोर पाटावर, मध्ये परात. वाल सोलणं हे बायकांचं काम, असं आमच्या कोकणात मानतात. पण गेली पाच वर्षं आमच्या घरात ते माझं होतं आणि ती सोबतीला म्हणून चार दाणे सोलायची. माझ्या चिमटीतून दाणा सटकून कपाटाखाली जायचा. ती म्हणायची, तुमचं अर्धं बिरडं उंदरांच्या पोटात जातं.

मग ती थांबली. डावा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आज हो हात येगळोच जड लागता."

कपाळावर घाम होता. मार्गशीर्षातला गारवा होता आणि हिला घाम.

मी मान वर न करता म्हणालो, "शुक्रवारी हट्टानं चादरी धुतल्यास ना, त्याचं आज निघतंय. पड जरा."

ती पडली. मी उरलेले वाल सोलले, कपाटाखाली गेलेलेसुद्धा काढले. चार वाजता चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती. हृदय.

मी पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. शुक्रवारच्या चादरींचं ते उत्तर माझ्या तोंडात इतकं तयार कसं होतं, ते मला सांगायचंय. वाचनालयाची मुलं आली होती, म्हणाली, काका, दिवाळी अंकाला दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या एक-दोन येतील. बाकीचं वाचायला जड गेलं तर पुढचं पान उलटा, मी रागावणार नाही.

आमचा दवाखाना भांडुप पश्चिमेला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर. आतल्या खोलीत डॉक्टर, बाहेर बाक, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आणि तिला एक खिडकी. खिडकीमागे मी. आधी थोरल्या डॉक्टरांकडे होतो, ते वारल्यावर त्यांच्या मुलाकडे. धाकटे डॉक्टर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मला गणपतराव म्हणायचे. माझं शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला.

कंपाउंडर म्हणजे काय हे नव्या पोरांना ठाऊक नसेल, कारण आता सगळं औषध पाकिटातून येतं. तेव्हा पेशंट घरून बाटली आणायचा, कधी धुतलेली, कधी रॉकेलचा वास मारणारी. त्यात मी मिक्श्चर बनवून भरायचो. कागदाची पट्टी दुमडून कातरीनं खाचा पाडायच्या आणि ती गोंदानं बाटलीला चिकटवायची. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुयांना दगडावर धार लावायची. केसपेपर काढायचा, म्हणजे पेशंटचं नाव, वय आणि तक्रार लिहून कागद आत पाठवायचा. आणि शेवटी बाटली हातात देताना दोन शब्द सांगायचे. भात बंद करा, ताक घ्या, कान झाका. हा सल्ला फुकट असतो, म्हणून लोकांना तो डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा जास्त पटतो. मलाही त्याची चटक लागली होती. खोटं कशाला सांगू.

आमच्या दवाखान्यात एक पद्धत होती. घरच्या माणसाचा केसपेपर काढायचा नाही. माझ्या घरी कुणाला ताप आला की मी संध्याकाळी डॉक्टरांना उभ्या उभ्या सांगायचो, ते उभ्या उभ्या औषध सांगायचे, आणि मी बाटली भरून घरी न्यायचो. पैसे नाहीत, कागद नाही. मला त्याचा अभिमान होता. चाळीत सगळे म्हणायचे, सुभद्रावहिनीला काय, घरात दवाखाना आहे. त्या घरातल्या दवाखान्यानं तिला अकरा वर्षं एकदासुद्धा तपासलं नव्हतं.

बाकावर सगळ्यात जास्त तक्रार कुठली, विचाराल तर ताप-खोकला नव्हे. थकवा. अंगात त्राण नाही, उभं राहवत नाही, काम उरकत नाही. अशा माणसांसाठी माझ्या डोक्यात तीन खण होते. एकात रक्त कमी असलेले, दुसऱ्यात साखरेवाले, आणि तिसऱ्यात कामचुकार. माणूस बाकावर बसला की मी बघून खण ठरवायचो. मुलुंडहून एक हलवाई यायचा, पोट पुढे, बोलणं गोड. म्हणायचा, कढईपुढे उभं राहवत नाही. मी त्याला तिसऱ्या खणात टाकला आणि चार आठवडे लाल टॉनिक दिलं. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तर साखर इतकी की परीक्षानळी बघून मीच गार झालो. हलवाई म्हणाला, "मी मिठाई खात नाही हो, नुसती चाखतो." दिवसभर चाखायचा तो. त्याच्यावर आम्ही हसलो, पण माझा तिसरा खण तसाच राहिला.

गिरण्यांचा संप नुकताच विरला होता, त्या सुमाराला नंदा आमच्याकडे आली. अकरा वर्षांची पोर. टेकडीवरच्या वस्तीत राहायची. बाप पालिकेत पाण्याचा चावीवाला, म्हणजे पहाटे रस्त्यात उतरून लोखंडी चावीनं वस्तीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं ते काम. मूळचे साताऱ्याकडचे. पोर हुशार होती. दोरीवरच्या उड्यांत शाळेत पहिली. पावसाळ्यात तिला ताप आला, गळ्याला गाठी आल्या, तीन आठवड्यांनी उतरला. ताप उतरला, पण पोर काही उठेना.

आई तिला घेऊन यायची आणि खिडकीशी कुरकुरायची. सकाळी उठवत नाही, दप्तर उचलवत नाही, शाळेत बाईंनी वहीत लिहून पाठवलंय की मुलगी टाळाटाळ करते. रविवारी मात्र मैत्रिणींबरोबर खेळते. सोमवारी बरी, मंगळवारी आजारी. बरोबर गणिताच्या तासाला पोटात दुखतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढायला लावला, जंताचं औषध दिलं. काही निघालं नाही. मग ते आठवडाभर लग्नाला बाहेरगावी गेले. दवाखाना बंद होता, पण बांधलेली औषधं द्यायला मी खिडकीत बसायचो. नंदाची आई आली. पोर बाकावर आडवी झाली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिला तिसऱ्या खणात टाकलं. म्हणालो, "वहिनी, रक्त चांगलं, फोटो चांगला. लाड बंद करा. रोज सकाळी टेकडीच्या पायऱ्या दोनदा चढवा-उतरवा. आठ दिवसांत घोड्यासारखी पळेल."

त्या माउलीनं ऐकलं. रोज सकाळी पोरीला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. पहिले दोन दिवस पोर चढलीसुद्धा, आणि आईला वाटलं, कंपाउंडरकाका खरं बोलले. चौथ्या दिवशी ती अर्ध्यावर बसली. आईनं तिला ओरडून उठवलं. पुढच्या सोमवारी तिचा बाप तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात आला. उजेड डोळ्यांना सहन होत नव्हता, म्हणून डोक्यावरून आईचा पदर घेतलेला. स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला उचलवत नव्हता.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, मग आईला विचारलं, मध्ये काय केलंत? आईनं माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं.

डॉक्टर ओरडणारे नव्हते. त्यांनी मला आतल्या खोलीत स्टुलावर बसवलं, पेशंट असल्यासारखं, आणि म्हणाले, "गणपतराव, आता मी विचारतो ते नीट ऐका. बोलू नका."

मग त्यांनी त्या पोरीला जे जे विचारलं, ते मी पुढं आयुष्यभर बाकावरच्या लोकांना विचारत आलो. तापाआधी दिवसभर काय काय करायचीस? त्यातलं आता काय जमत नाही? रात्री झोप लागते का, आणि लागली तर सकाळी ताजं वाटतं का? पोर म्हणाली, झोपून उठले की झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेली असते. धडा वाचताना काय होतं? म्हणाली, एक ओळ तीनदा वाचते, तरी ती आत जात नाही. उभी राहिलीस तर? चक्कर येते, प्रार्थना संपेपर्यंत भिंत धरते. मग त्यांनी विचारलं, आज खेळलीस तर उद्या कसं असतं? पोर म्हणाली, उद्या थोडं. परवा लई.

डॉक्टर थांबले. हेच परत विचारलं. तेच उत्तर आलं. मला म्हणाले, हे लक्षात ठेवा. साधा दमलेला माणूस रात्रभर झोपला की भरून निघतो. ह्यांचं उलट. काम आज, दंड परवा. म्हणून रविवारी खेळलेली पोर मंगळवारी पडते आणि सगळ्यांना वाटतं की नाटक करते. मोठं माणूस निदान सांगू शकतं की मी थकलो. लहान पोराला तो शब्द सापडत नाही. ते म्हणतं पोट दुखतं, म्हणतं शाळा नको. आणि आई-बाप ऐकतात फक्त 'शाळा नको'.

शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला तेव्हा खुळचट वाटला. "नंदा, उद्या सकाळी तू एकदम बरी झालीस, तर काय करशील?"

पदराआडून पोर बोलायला लागली ती थांबेना. दोरीच्या उड्या मारीन. स्नेहसंमेलनात नाचीन, नाचातून माझं नाव काढून टाकलंय त्यांनी. मावशीकडे घाटकोपरला चालत जाईन. पप्पांची चावी एकदा दोन हातांनी फिरवीन. सात-आठ गोष्टी तिनं दमत दमत सांगितल्या.

ती बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, मन खचलेल्या माणसाला हे विचारा, तो म्हणतो, काहीच नको. आळशी माणूस म्हणतो, बघू. ह्या पोरीला सगळं करायचंय, शरीर करू देत नाही. तिचा आजार रक्तात सापडणार नाही, गणपतराव. तो हकिगतीत सापडतो. आधी बाकीचं सगळं तपासून काढून टाकायचं, मग चार-सहा महिने हकिगत ऐकायची. औषध माझ्याकडे नाही.

नंदाचा बाप अजून दारात उभा होता. डॉक्टर त्याला समजावत होते, पण त्याला काही कळेना. मग तोच म्हणाला, "म्हणजे चावी पुरी उघडली तरी टाकी अर्धीच भरते, असं म्हणा की." डॉक्टर म्हणाले, बरोबर. आणि अर्धी भरलेली टाकी पूर्ण रिकामी केलीत, तर दुसऱ्या दिवशी पावच भरते. तो माणूस म्हणाला, "मग कमी सोडायचं. आम्ही उन्हाळ्यात तेच करतो." त्यानंतर त्याला परत काही समजवावं लागलं नाही. शाळेतल्या बाईंना त्यानंच जाऊन समजावलं. काय भाषेत ते त्यानं मला सांगितलं नाही.

मी त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा सुभद्रा मोरीत भांडी घासत होती. म्हणजे चार भांडी घासून गुडघ्यांवर मान टाकून बसली होती. अशी ती रोज बसायची. तीन हप्त्यांत भांडी. मी रोज तिच्या बाजूनं जायचो आणि म्हणायचो, झाली का पूजा?

हिचीही सुरुवात तापानंच झाली होती. त्याआधी ही बाई दोन हंडे एकावर एक घेऊन टेकडी चढायची, आणि वर पोचून भांडायलाही तिच्यात दम असायचा. त्या तापातून उठली ती निम्मीच उठली. मी टॉनिक आणलं, लोहाच्या गोळ्या आणल्या, चार गोष्टी सुनावल्या. आमच्या लेकीच्या, शकूच्या लग्नात, हळद चालू असताना ही मध्येच खाली बसली. भर मांडवात मी म्हणालो, "बसली आमची महाराणी." सगळे हसले. तेव्हापासून नात्यात तिचं नाव महाराणी पडलं. माझ्या भावजया तिला तोंडावर म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची. मला कधी उलट बोलली नाही, आणि हे मी तिच्या गुणांत मोजायचो.

मी मोरीच्या कट्ट्यावर बसलो आणि डॉक्टरांनी नंदाला विचारलेलं तिला विचारायला लागलो. झोपून उठल्यावर कसं वाटतं? आज काम केलंस तर परवा कसं असतं? ती माझ्याकडे बघत राहिली. दारू पिऊन आलो की काय, असं बघत होती. पण उत्तरं दिली. सगळी तीच उत्तरं, फक्त मालवणीत. शेवटी मी तो खुळचट प्रश्न विचारला. उद्या बरी झालीस तर काय करशील?

ती म्हणाली, सगळी भांडी एका दमात घासीन, मध्ये बसल्याशिवाय. मग पुढचं भांडं जवळ ओढत म्हणाली, "अकरा वर्सांनी इचारलात."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याची पद्धत मोडली. सुभद्राला बाकावर बसवलं, तिचा केसपेपर काढला. नाव, वय, तक्रार. 'थकवा' लिहिलं आणि पुढं 'अकरा वर्षे' लिहिताना माझं अक्षर बिघडलं. डॉक्टरांनी तिचं सगळं तपासलं. रक्त, साखर, छातीचा फोटो, गळ्याची ग्रंथी, ब्लडप्रेशर. काही निघालं नाही. मग हकिगत ऐकली, तासभर. बाहेरचे पेशंट कुरकुरले. मी त्यांना म्हणालो, थांबा गप.

त्यानंतर आमच्या घराची घडी बदलली. चादरी, वाल, दळण माझ्याकडे आलं. ती रोज सकाळी अंथरुणात पडूनच ठरवायची की आजची टाकी कशावर खर्च करायची. केस धुवायचे की शेजारणीकडे हळदीकुंकवाला जायचं. दोन्ही नाही. चाळीत लोक मला बायल्या म्हणाले. त्यातले दोघं नंतर आपल्या बायकांना घेऊन माझ्या खिडकीशी आले. पुढच्या गणपतीला गावी माझी भावजय म्हणाली, महाराणी येऊन बसली वाटतं. मी म्हणालो, तिला आजार आहे. कसला? नाव नाही अजून. पुन्हा सगळे हसले, ह्या वेळी माझ्यावर. ते बरं झालं.

नाव पुढं आलं. डॉक्टरांचा भाऊ परदेशात असायचा, तो वैद्यकाची मासिकं पाठवायचा. त्यात डॉक्टरांनी वाचलं की तिकडच्या लोकांनी ह्या आजाराला नाव दिलंय. इंग्रजीत तीन शब्द, मराठीत सांगायचं तर बरेच दिवस टिकणारा थकवा. मी मोठ्या उत्साहानं घरी येऊन सांगितलं. सुभद्रा म्हणाली, "इतकाच? ह्या नाव ठेवणाऱ्याक हो आजार झालेलो नसतलो."

मी त्या आजारात पटाईत झालो. बढाई वाटेल, पण डॉक्टर स्वतः म्हणायचे, गणपतराव, बाकावर कोण आहे ते बघून ठेवा. एक पोस्टमन यायचा, त्याच्या घरचे त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. तो एक दिवस टपाल वाटायचा आणि दोन दिवस पडायचा. त्याला चौथ्या प्रश्नाला मी ओळखला. माझा तिसरा खण मी कायमचा बंद केला होता. त्या जागी हा नवा खण आला होता. आणि मला तो फार आवडायला लागला होता, हे मला आता दिसतंय.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ह्या माणसांना बाकीचे आजार होत नाहीत असं नाही. त्यांना सगळे होतात. फक्त कुणी बघत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, तेच असेल. म्हणून त्यांनी नियम केला होता की अशा पेशंटची नवी तक्रार जुन्या पानावर लिहायची नाही. नवीन तक्रार, नवीन पान, आणि तपासणी पहिल्यापासून. दवाखान्यात मी तो नियम कडक पाळला. पोस्टमनचा खोकला नव्या पानावर. नंदाचा कान नव्या पानावर. कुणी म्हणालं की हे त्या थकव्यामुळेच असेल, तर मी त्यांना झापायचो.

घरात त्या रविवारी सुभद्रा म्हणाली, हात वेगळाच जड आहे. वेगळाच म्हणाली ती. अकरा वर्षं मी तिचं खोटं धरलं आणि पाच वर्षं इतकं खरं धरलं की दुसरं काही खरं असू शकेल हे डोक्यात आलं नाही. दवाखाना आमच्या दारापासून सात मिनिटांवर. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचे, रविवारी घरीच असायचे.

चार वाजता ते धावत आले. नाडी बघितली, डोळे बघितले. मला विचारलं, काय म्हणत होत्या? मी हाताचं सांगितलं, घामाचं सांगितलं, चादरींचं सांगितलं. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "गणपतराव, मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो."

इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

संध्याकाळीच तिला नेलं. शकू बोरिवलीहून आली होती, रात्रभर बसून होती. सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी तोंड धुतलं, सदरा घातला आणि चपला पायात सरकवल्या. शकू म्हणाली, "बाबा, सुतकात कुठं निघालात? लोक भेटायला येतील."

मी म्हणालो, बसव त्यांना.

टेकडी चढून नंदाच्या घरी गेलो. पोर आता सोळा-सतरा वर्षांची झाली होती. पुरती बरी नव्हती. शाळा सुटली होती, बाहेरून दहावीला बसली होती. दिवसाचे चार तास तिचे, बाकीचे अंथरुणाचे. सुभद्राची आणि तिची गट्टी होती. कधी एकमेकींकडे गेल्या की दोघी दोन चटयांवर आडव्या पडून गप्पा मारायच्या. सुतक असल्यामुळं मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बाप पाणी सोडायला गेलेला. त्यांना बातमी रात्रीच कळली होती. आई रडायला लागली. मी म्हणालो, वहिनी, रडायला नंतर या. आत्ता हिला बाहेर बोलवा.

नंदा भिंतीला धरून दारात आली. मी तिला काल दुपारचं सगळं सांगितलं. वालांपासून. कुठला हात, किती वाजता, घाम कुठं, ती काय म्हणाली, मी काय म्हणालो. मी काय म्हणालो ते दोनदा सांगितलं. मग म्हणालो, "तुला कधी काही वेगळं वाटलं, आणि कुणी म्हणालं की ते तुझं नेहमीचंच आहे, तर ऐकायचं नाही. आईनं म्हटलं तरी नाही, मी म्हटलं तरी नाही."

तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मग नंदा हळूच म्हणाली, "काका, दिवाळीपासून मला नुसतं पडल्या पडल्याच धाप लागते. आधी नव्हती तशी. मला वाटलं तेच असेल, म्हणून कुणाला बोलले नाही."

मी तिथंच तिला चपला घालायला लावल्या. पायऱ्या उतरताना आम्ही पाच वेळा थांबलो. तिनं बसायला सांगितलं तिथं बसलो, उठायचं ती उठली तेव्हा उठलो. दवाखाना उघडलेला होता, बाकावर अकरा माणसं. मला बघून सगळे बाजूला सरकले. सुतकातला माणूस, शिवायचं कसं. मी तिच्या हाताला धरून सरळ आत नेलं.

डॉक्टर पेशंट सोडून उठून उभे राहिले आणि माझ्याकडे यायला लागले.

मी म्हणालो, "माझं राहू द्या. हिला नवीन धाप लागतेय. आधी हिची छाती बघा."